सहावी ते आठवीचे शिक्षक व्हायचंय? तयारी कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून

माझी भाची यंदा बारावी होऊन राधानगरीहून कोल्हापुरात आली. आल्या आल्या तिने विचारलं, "मावशी, मला शाळेत शिकवायचंय. अगदी बारकी पोरं नकोत, दहावीचा ताणही नको. तू शिकवतेस ते मधले वर्ग. त्यासाठी काय काय करायला लागतंय?" जून २००८ पासून मी करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित शिकवते. बी.एड.ची मुलं दरवर्षी छात्रसेवाकालासाठी, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावासाठी, माझ्या वर्गावर येतात. मानसशास्त्राच्या व्याख्या त्यांना पाठ असतात, पण सातवीचं पुस्तक उघडलं की अडखळतात. म्हणून भाचीला जे सांगितलं, तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते आहे.

आधी वाट ठरवा. सरकारी भाषेत सहावी ते आठवी म्हणजे उच्च प्राथमिक. तिथं पोचायचे मुख्य रस्ते तीन आहेत. पहिला, पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं बी.एड. दुसरा, बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे आपण ज्याला अजून डी.एड.च म्हणतो ते, आणि सोबत पदवी. तिसरा, बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, ज्यात पदवी आणि बी.एड. एकदमच होतं. त्यासाठी एनसीईटी नावाची देशपातळीवरची परीक्षा असते. एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला निकाल दिला, त्यानुसार बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीवर नेमता येत नाही. "बी.एड. केलं की कुठंही लागता येतं" असं सांगणारे अजून भेटतात, त्यांचं ऐकू नका. आणि बी.एड.ला जायचं तर पदवीला ५० टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला ४५. पहिल्या वर्षी ढिलाई केली की ते टक्के शेवटच्या वर्षात भरून काढताना दमछाक होते.

आता विषय. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी शिक्षकांचे तीन गट धरलेत: विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, दुसऱ्या पेपरमध्येही ६० गुण गणित-विज्ञानाला किंवा सामाजिक शास्त्रांना असतात, दोन्हींतलं एक निवडायचं. म्हणजे पहिल्या वर्षाला मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय, भरतानाच तुम्ही कुठल्या वर्गात उभे राहणार ते अर्धं ठरतं. विज्ञानाचा विषय मेजर घेतलात तर मायनरला गणित ठेवा. इतिहासाला भूगोलाची जोड द्या. मराठी घेणाऱ्यांनी हिंदी किंवा इंग्रजी सोडू नये. शाळेत एकाच विषयाचे तास मिळतील, असं होत नाही.

मी नेमकी इथंच चुकले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी गणित सोडलं, कारण रसायनशास्त्रात मार्क चांगले पडत होते. पुढे बी.एड.ला गणित अध्यापन पद्धती घेतली आणि सातवीच्या वर्गावर पूर्णांक संख्यांच्या गुणाकाराचा पाठ आला. उणे दोन गुणिले उणे तीन बरोबर अधिक सहा, असं फळ्यावर लिहिलं. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, उणे म्हणजे कर्ज असं तुम्हीच सांगितलं. मग दोन कर्जं मिळून पैसे कसे आले?" मी म्हणाले, "तो नियम आहे." तो खाली बसला आणि त्या तासाला पुन्हा बोलला नाही. त्याचं ते गप्प बसणं मला अजून टोचतं.

आता तोच भाग मी असा घेते. फळ्यावर एकाखाली एक लिहायचं: उणे दोन गुणिले तीन, मग गुणिले दोन, गुणिले एक, गुणिले शून्य. उत्तरं मुलांनी सांगायची: उणे सहा, उणे चार, उणे दोन, शून्य. मग विचारायचं, "उत्तर दर ओळीला कितीने वाढतंय?" दोनने, असं वर्ग ओरडतो. "मग पुढची ओळ, उणे दोन गुणिले उणे एक?" क्षणभर शांतता, आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "अधिक दोन." नियम त्यांनीच शोधलेला असतो. एवढं सुचायला मला नोकरीची दोन वर्षं गेली. पदवीला असतानाच सातवीचं पुस्तक हातात घेतलं असतं तर त्या मुलाला उत्तर मिळालं असतं.

म्हणून माझा पहिला आग्रह हा: पाचवी ते आठवीची आपल्या विषयाची बालभारतीची पुस्तकं आजच मिळवा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट उतरवता येतात. आठवड्याला एक पाठ घ्या. वहीच्या डाव्या पानावर पाठ स्वतःच्या शब्दांत लिहा आणि उजव्या पानावर फक्त "मूल इथं काय विचारेल" एवढंच. तीन वर्षांत उजवी पानं भरली की ती वही कुठल्याही गाईडपेक्षा मोलाची होते. टीईटीच्या प्रश्नांचा मोठा भागही याच पुस्तकांच्या आसपास फिरतो, तो अभ्यास आपोआप होऊन जातो.

पुस्तक वाचलं की ते आपल्या भागात शोधायचं. सातवीच्या इतिहासात शिवकाल आहे. इतिहास घेणाऱ्याने पुस्तक पिशवीत टाकून पन्हाळ्याला जावं, तटावर उभं राहून १६६० च्या वेढ्याचा पाठ वाचावा, विशाळगडाची दिशा बघावी. एकदा ते डोळ्यांनी पाहिलं की वर्गात हात आपोआप हलतात, नकाशा फळ्यावर सहज उतरतो. विज्ञानवाल्यांनी हंगामात गुऱ्हाळावर अर्धा दिवस बसावं. मी दरवर्षी आठवीला तिथूनच सुरुवात करते. काहिलीत रस उकळतो तेव्हा पाण्याची वाफ होते. भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घातलं की मळी वर येते आणि काढून टाकता येते. चुन्याची निवळी घातली की रसाचा आंबटपणा कमी होतो. आम्ल आणि आम्लारी हा धडा त्यानंतर वेगळा समजावावा लागत नाही. हळदीत भिजवलेला कागद चुन्याच्या पाण्यात बुडवून लाल करून दाखवला की वर्ग जागा होतो. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे ती पोरं त्या दिवशी मला शिकवतात. वर्षभर मागच्या बाकावर बसणारा एखादा मुलगा पाक किती आला की गूळ धरतो ते सगळ्यांना हाताने दाखवतो.

दुसरा आग्रह: मुलांसमोर उभं राहायला बी.एड.ची वाट बघू नका. अकरा ते चौदा हे वय फार वेगळं असतं. सहावीत येणारं मूल बाईंच्या मागे मागे फिरतं, तेच आठवीत डोळ्याला डोळा देत नाही. आवाज फुटतो, मुलींची पाळी सुरू होते, चारचौघांत चुकायची लाज वाटायला लागते. हे पुस्तकातून कळतं, पण सवय मुलांत बसूनच होते. तुमच्या गल्लीत, गावात आठवीची चार मुलं असतील तर त्यांना एनएमएमएस परीक्षेसाठी बसवा आणि शनिवार-रविवार शिकवा. आर्थिक दुर्बल घरातल्या मुलांसाठीची ही शिष्यवृत्ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ऊसतोडीला किंवा मजुरीला जाणाऱ्या घरात तेवढ्यावर पोरीचं शिक्षण पुढे चालू राहतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुमचाही फायदा आहेच. या परीक्षेचा एक पेपर बुद्धिमत्तेचा, दुसरा सातवी-आठवीच्या विषयांचा. पुढे तुम्हाला ज्या परीक्षा द्यायच्या आहेत, त्यांचाच हा पाया.

कोल्हापुरात शिकताय तर आणखी एक सोय आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, तिथं सभासद व्हा. मुलांसाठीची पुस्तकं वाचायची सवय लावा. भाषा शिकवणाऱ्याला तर त्याशिवाय गत्यंतर नाही. दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगांत आजही खेड्यातली मुलं राहून शिकतात. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. त्या गावात आपण शिक्षक व्हायला निघालोय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि तुम्हालाही वाटावा.

बी.एड.च्या सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, फॉर्म पदवीच्या शेवटच्या वर्षालाच भरायचा असतो. बुद्धिमापन, सामान्यज्ञान आणि शिक्षक अभियोग्यता मिळून १०० प्रश्न. नेमाने सराव केला तर जड नाही. खरा प्रश्न कॉलेज निवडीचा. माझ्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं. ज्या कॉलेजात मी शिकले, तिथं कागदावर जेवढे सरावपाठ दिसत होते त्यातले निम्मेच मी प्रत्यक्ष घेतले. निरीक्षण वह्या आम्ही एका रात्रीत एकमेकींच्या बघून उतरवल्या, कुणी काही विचारलं नाही. त्याची किंमत नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गाने मोजली. आता बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि शाळेतला काळ एकूण २० आठवड्यांचा आहे. तो खरंच मिळतो का, हे प्रवेशाआधी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून विचारा. कुठल्या शाळेत पाठवलं? किती आठवडे? पाठ चालू असताना प्राध्यापक मागच्या बाकावर बसले होते का? इमारत आणि फी नंतर बघा.

बी.एड.ला सूक्ष्म अध्यापनाचे पाच-सहा मिनिटांचे पाठ असतात. मुलं ते नाटकासारखे उरकतात. तसं करू नका. प्रश्न विचारून थांबायचं कौशल्य तिथंच कमावायचं असतं. प्रश्न विचारला की मनात पाच आकडे मोजा, मगच नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीची मुलं विचार करायचंच थांबवतात.

फलकलेखनाचा सराव घरी करा. भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घ्या. खडू पेन्सिलीसारखा न धरता आडवा, बोटांच्या पेरांत धरा आणि ओळ लिहिताना उजवीकडे स्वतः चालत जा. जागेवर उभं राहून हात लांबवला की ओळ खाली घसरतेच. लिहून झालं की मागे शेवटच्या बाकाएवढ्या अंतरावर जाऊन बघा. मग कुणा लहान मुलाला वाचायला सांगा.

परीक्षांचं थोडक्यात. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. बालमानसशास्त्र ३०, दोन भाषा ३० आणि ३०, विषयाचे ६०. पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के. केंद्राची सीटेट याच धाटणीची आहे, दोन्हींची तयारी एकत्र होते. एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. त्यानंतर टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: २०० प्रश्न आणि १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. इथं ज्ञानापेक्षा वेग कमी पडल्यामुळे मुलं मागे राहतात, म्हणून घड्याळ लावूनच सराव. भरती सरकारच्या पवित्र पोर्टल या संकेतस्थळावरून या गुणांवर होते. सुरुवातीची तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात, उच्च प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधनावर. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा राहिलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी लागू झाली. म्हणून भाची आणि मी रोज रात्री जेवणं झाली की एकाच टेबलावर बसतो. ती सीईटीचे जुने प्रश्न सोडवून बघते, मी बालमानसशास्त्र वाचते.

कागदपत्रांवर एक ओळ: जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रीमिलेअर, अधिवास, आणि सगळ्या गुणपत्रकांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे पदवीच्या दुसऱ्या वर्षातच तपासा.

आणि छात्रसेवाकालाला पहिल्या दिवशी शाळेत जाल तेव्हा वर्गशिक्षकांकडून हजेरीपट मागून घ्या. नावं वहीत उतरवा, बाकांप्रमाणे नकाशा काढा, रात्री घरी पाठ करा. माझ्या वर्गावर आलेल्या एका छात्रशिक्षिकेने दुसऱ्या दिवशी एकेचाळीस मुलांना नावाने हाक मारली. तास चालू असताना मी मागच्या बाकावर बसले होते. मला एकदाही उठावं लागलं नाही.