कॅन्सरची फाईल हृदयाच्या डॉक्टरांनाही दाखवा

माझ्या डाव्या स्तनातली गाठ २०१९ साली काढली. चार लाल केमो, मग बारा आठवडे दुसरं औषध, वर्षभर दर तीन आठवड्यांनी ट्रॅस्टुझुमॅब हे कॅन्सरचं इंजेक्शन आणि डाव्या बाजूला शेक, म्हणजे रेडिएशन. सगळं पार पडल्यावर घरी पेढे वाटले. तीन वर्षांनी आमचा ३८ पायऱ्यांचा जिना चढताना मध्येच टेकावं लागू लागलं. मी म्हणायची, केमोचा अशक्तपणा. घरचे म्हणायचे, वय. एका दवाखान्यातून पित्ताच्या गोळ्या आणल्या. चपलेचा पट्टा पावलात रुतू लागला तेव्हा भाचीने हट्टाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला लावला. हृदयाची पंपाची ताकद, म्हणजे ईएफ, ४२ टक्के! उपचारांआधी ती ६२ होती.

म्हणून बायांनो, आधी जुनी फाईल काढा आणि एका कागदावर तीन गोष्टी उतरवा. लाल औषध (डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन) एकूण किती गेलं, ट्रॅस्टुझुमॅब घेतलं का, शेक कोणत्या बाजूला झाला. माझं डॉक्सोरुबिसिन दर वेळी अंगाच्या चौरस मीटरमागे ६० मिलिग्रॅम, चार वेळा, म्हणजे २४०. २५० आणि त्यापुढे हृदयाला धोका जास्त धरतात, पण कमी डोसातही तो राहतोच, आणि त्रास कित्येक वर्षांनीही डोकं वर काढतो. ट्रॅस्टुझुमॅबने उतरलेला ईएफ बहुतेकदा सावरतो. डाव्या शेकाचा परिणाम हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर वीस वर्षांनीही दिसू शकतो. हा कागद प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे आधी ठेवा. मला पित्ताच्या गोळ्या दिल्या तेव्हा फाईल कपाटात होती.

इको उपचारांआधी हवाच. ट्रॅस्टुझुमॅब चालू असताना साधारण दर तीन महिन्यांनी, संपल्यावर वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तसा. शक्यतो एकाच ठिकाणी करा आणि ‘नॉर्मल’ या शब्दावर न थांबता आकडा मागून घ्या. तपासणीचा दांडा डाव्या स्तनाखाली, नेमका माझ्या व्रणाजवळ टेकवतात. दुखत असेल तर आधीच सांगा, हात हलका ठेवतात.

घरी रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला किंवा झोपायला एकाऐवजी दोन उशा लागू लागल्या, तर लगेच डॉक्टर गाठा. छातीत दाब, जबडा-पाठ दुखणं, घाम, मळमळ, अचानक धाप असं काही झालं तर सरळ १०८ ला फोन करा. बाईच्या झटक्यात छातीत कळ येतेच असं नाही.

बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासत राहा. लेट्रोझोलसारखी कॅन्सरची हार्मोनवरची गोळी चालू असेल तर कोलेस्टेरॉल नक्कीच. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर बीपी दुसऱ्या हातावर घ्यायला सांगा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चाला. मिश्री सोडा. आमच्या भागात बाया तिला तंबाखू समजतच नाहीत, पण ती तंबाखूच.

हृदयाच्या भीतीने कॅन्सरची गोळी मनाने बंद करू नका. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला सांगा. माझा ईएफ आता ५४ आहे. परवा विचारलं, हृदयाच्या गोळ्या थांबवू का? डॉक्टर म्हणाले, ताई, तो गोळ्यांमुळेच ५४ आहे.