नेटवर्क इंजिनीअर होताना: काट्याच्या केबिनपासून पुढे

चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता, सीसीएनएचा (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) अभ्यास निम्मा झाला होता आणि ओएसआय मॉडेलचे (नेटवर्कचं काम थरांत मांडणारा आराखडा) सातही थर तोंडपाठ होते. तिसऱ्या आठवड्यात गेटवरून फोन आला. "साहेब, काट्याचं नेट गेलंय. बाहेर गाड्या लागल्यात."

काटा म्हणजे ट्रकचा वजनकाटा. त्याच्या केबिनमध्ये एक कॉम्प्युटर असतो. गाडीचं वजन तिथून थेट सर्व्हरला जातं आणि ते गेल्याशिवाय गेट पास निघत नाही. मी धावत गेलो. नेटवर्कचं चिन्ह चालू दिसत होतं. सर्व्हरला पिंग केला, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं छोटं पॅकेट पाठवत राहिलो, तर दोन उत्तरं यायची, एक गळायचं, परत एक यायचं. मी आयपी ॲड्रेस बदलून पाहिला, लॅन कार्डचा ड्रायव्हर काढून परत टाकला, वजनाचं सॉफ्टवेअर नव्यानं टाकायला घेतलं. दीड तास गेला. साडेबाराला, जेवणाच्या सुट्टीत, सगळं आपोआप सुरळीत झालं. तिकिटावर मी लिहिलं, 'ड्रायव्हर परत टाकला, प्रॉब्लेम सुटला.' एक वाजून पाच मिनिटांनी परत फोन.

या खेपेला आमचे सीनियर सोबत आले, पण केबिनकडे न जाता ते रॅकपाशी बसले. वाटेत त्यांनी मला एवढंच विचारलं: गेटवर अजून काय काय चालू आहे? काटा कधी चालू असतो? आणि गेल्या आठवड्यात कारखान्यात काय नवीन आलं? मला तिन्हींची उत्तरं देता आली नाहीत, कारण बंद पडलेल्या वस्तूपलीकडे मी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी स्विचवर, म्हणजे सगळ्या केबल जिथे एकत्र येतात त्या यंत्रावर, लॉगिन करून काट्याच्या पोर्टची 'शो इंटरफेसेस' कमांड मारली आणि सीआरसी एररच्या, म्हणजे वाटेत खराब झालेल्या पॅकेटांच्या, आकड्यावर बोट ठेवलं. मिनिटभर थांबून तीच कमांड परत मारली. आकडा काहीशेनं वाढलेला. शेजारचा पोर्ट गेटवरच्याच सिक्युरिटी ऑफिसचा होता, तिथे शून्य. म्हणजे सर्व्हर बरा, स्विच बरा, गेटपर्यंतचं बाकी सगळं बरं. बिघाड त्या एका पोर्टपासून त्या एका कॉम्प्युटरपर्यंतच्या वाटेवरच होता. मग आम्ही केबलचा माग काढत चालत निघालो. ऑफिसच्या बिल्डिंगमधून ती कॉम्प्रेसर रूमच्या ट्रेमध्ये शिरत होती आणि तिथे आठवड्यापूर्वी आलेल्या नव्या कॉम्प्रेसरच्या पॉवर केबलला चिकटून जात होती. तिथून कंपाउंडच्या भिंतीकडेनं गेटपर्यंत. पावलं मोजली तर एकशेतीस मीटरच्या वर अंतर भरलं.

तांब्याच्या इथरनेट केबलची मर्यादा १०० मीटर. त्यात ९० मीटर पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून १० मीटर असा हिशेब धरतात. ही केबल पहिल्यापासूनच मर्यादेबाहेर होती आणि कशीबशी निभावत होती. कॉम्प्रेसरचा विजेचा गोंगाट वर आला तेव्हा तिचा निभाव लागेना. जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्रेसर बंद व्हायचा आणि काटा शहाण्यासारखा चालायचा. माझ्या ड्रायव्हरचा त्यात काही संबंध नव्हता.

त्या संध्याकाळपुरतं आम्ही पोर्टचा वेग १० एमबीपीएसवर आणला. वजनाच्या चार आकड्यांना तेवढा पुष्कळ होता आणि कमी वेगाला केबल जास्त सोसते. हे करताना सीनियरनी एक गोष्ट बजावली: वेग आणि डुप्लेक्स (फुल म्हणजे एकाच वेळी पाठवणं आणि घेणं, हाफ म्हणजे आळीपाळीनं) हातानं लावायचं तर दोन्ही बाजूंना लावायचं. एका बाजूला फुल डुप्लेक्स ठोकलं आणि दुसरी ऑटोवर ठेवली, तर ऑटोची बाजू हाफ डुप्लेक्सवर घसरते. लिंक हिरवी दिसते, पिंगही चालतो, पण जरा लोड आला की सगळं रेंगाळतं. पुढच्या आठवड्यात फायबर ओढली, दोन्ही टोकांना विजेच्या सिग्नलचा प्रकाश आणि प्रकाशाचा सिग्नल करणारे मीडिया कन्व्हर्टर बसवले आणि तो विषय संपला. फायबरला कॉम्प्रेसरचं सोयरसुतक नसतं.

एवढं सविस्तर सांगतोय, कारण या कामाचं मर्म मला त्या दिवशी कळलं. तक्रार कायम 'बंद' असल्याचीच येते. पण शोध सुरू करायचा तो चालू असलेल्या गोष्टींपासून. चालू आणि बंद यांची हद्द सापडली की बिघाड तिथेच असतो.

आता कोणी 'नेट बंद आहे' म्हटलं की मी आधी माणसाशी बोलतो. तुमचंच बंद की शेजारच्यांचंही? वायफायवर मोबाइल चालतोय का? प्रिंट निघते का? लोक चिडलेले असतात, पण नीट विचारलं तर फार उपयोगाचं सांगतात. 'सकाळी टेबल सरकवलं' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की तो प्रश्न मी आता स्वतःच विचारतो. मग आयपी ॲड्रेस बघायचा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तरच आलेलं नाही आणि मशीननं स्वतःच एक पत्ता लावून घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर गेटवेला (आपल्या नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) पिंग, मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. आकड्यानं पोचतंय पण नावानं पोचत नाही, तर नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे बघा. आणि पत्ता आहे, पण आपल्या रेंजमधला नाही? एकदा आमच्या अख्ख्या मजल्याला १९२.१६८.१ चे पत्ते मिळायला लागले, आमची रेंज १० ची असताना. कुणीतरी घरचा वायफाय राउटर आणून त्याचा लॅन पोर्ट भिंतीतल्या पॉइंटला जोडला होता आणि आमच्या सर्व्हरआधी तोच पत्ते वाटत सुटला होता. असं परक्यानं पत्ते वाटणं अडवणारं डीएचसीपी स्नूपिंग स्विचवर का लावतात, हे नंतर मला कुणाला विचारावं लागलं नाही.

आता पिंगबद्दल. माइक मस यांनी १९८३ मध्ये लिहिलेलं हे छोटंसं हत्यार आजही सगळ्यात आधी हातात येतं. पण पिंग चालला म्हणजे सगळं चाललं, असं धरून नवीन मुलं फसतात. कोल्हापूरच्या शाखेतून तक्रार आली: ईआरपीत (कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरमध्ये) लॉगिन होतं, छोटी पानं उघडतात, मोठा रिपोर्ट मागितला की पांढरी स्क्रीन. पिंग उत्तम. पुण्यात तोच रिपोर्ट दोन सेकंदांत येतो. दोन दिवस ईआरपीवाले आमच्याकडे बोट दाखवत होते आणि आम्ही त्यांच्याकडे.

फरक शाखेच्या कनेक्शनमध्ये होता. तिथे पीपीपीओईचं, म्हणजे युजरनेम-पासवर्डनं लॉगिन होणारं, ब्रॉडबँड होतं. इथरनेटवरून १५०० बाइटपर्यंतचं पॅकेट जातं. पीपीपीओई त्यातले ८ बाइट स्वतःला घेतं, उरतात १४९२. सर्व्हर रिपोर्ट पाठवताना पूर्ण १५०० ची पॅकेटं करायचा आणि त्यांवर 'तुकडे करू नका' अशी खूण असायची. ब्रॉडबँडच्या तोंडाशी ती मावायची नाहीत. तिथला राउटर ती टाकून द्यायचा आणि 'लहान पाठव' असा आयसीएमपी (यंत्रांचे आपापसातले निरोप, पिंगही त्यातलाच) निरोप सर्व्हरला धाडायचा. आमच्या फायरवॉलवर सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी पिंग सोडून बाकी सगळं आयसीएमपी अडवून ठेवलेलं, त्यामुळे निरोप पोचायचाच नाही. सर्व्हर तीच मोठी पॅकेटं परत परत पाठवत बसायचा. नेहमीचा पिंग चिमुकला असतो, तो सहज निघून जायचा. आम्ही तुकडे न करण्याची अट घालून १४७२ बाइटचा पिंग केला, गेला नाही. १४६४ चा केला, गेला. दोन्हींत हेडरचे २८ बाइट मिळवा, म्हणजे १५०० आणि १४९२ समोर येतात. शाखेच्या राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १४५२ ला बांधला आणि रिपोर्ट उघडला. फायरवॉलवर तो एक निरोप आत येऊ दिला, ते खरं औषध.

अभ्यासाचं विचाराल तर सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांच्या रेंजचे छोट्या नेटवर्कांत भाग पाडणं, हातानं करा. महिनाभर रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. /२६ आकाराच्या नेटवर्कमध्ये ६२ यंत्रं बसतात आणि पुढचं नेटवर्क .६४ ला सुरू होतं, हे रात्री दोन वाजता फोनवर सांगता आलं पाहिजे. पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि सुरुवातीला पुरेसं आहे. पण त्यात फक्त पुस्तकातले लॅब बांधत बसू नका. चालू लॅब मित्राला द्या आणि त्याला त्यात दोन गोष्टी बिघडवायला सांगा: एक चुकीचा गेटवे, एक भलत्याच व्हीलॅनमधला (त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क) पोर्ट. मग तुम्ही शोधा. बांधण्यातून कमांड पाठ होतात, शोधण्यातून नेटवर्क कळतं. येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं वायरशार्क लावून एकदा तरी स्वतःच्या मशीनला पत्ता मिळताना बघा: डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक, अशी चार पॅकेटं डोळ्यांसमोरून जातात. ती पाहिल्यावर डीएचसीपी पाठ करावं लागत नाही.

सीसीएनए जरूर करा. इंग्रजीची धास्ती असेल तर वाचा इंग्रजीत आणि समजावा मराठीत. आयपी ॲड्रेसवरून मशीन शोधणारं एआरपी मी आईला समजावून सांगितलं होतं: 'वाड्यात उभं राहून हाक मारायची, अमुक नंबरची खोली कुणाची? ज्याची असेल तो ओ देतो.' जिथे मला उपमा सुचत नव्हती, तिथे मला विषयच समजला नव्हता. आणि डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्न) पाठ करून परीक्षा पास करून देतो म्हणणाऱ्या क्लासच्या वाटेला जाऊ नका, कळकळीनं सांगतो. सर्टिफिकेट मिळतं, पण मुलाखतीत समोर 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'चा (कुठलं मशीन कुठल्या पोर्टवर, याची स्विचकडची यादी) आउटपुट ठेवून 'हे मशीन कुठल्या पोर्टवर आहे' विचारलं की पोरं गप्प होतात. चांगली, कष्टाळू पोरं. त्यांचं वर्ष फुकट गेलेलं बघून वाईट वाटतं.

शेवटी माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगतो, कारण ती तुमच्याही वाट्याला येण्यासारखी आहे. रात्री अकराला घरून एका लांबच्या स्विचवर ३० नंबरचा नवा व्हीलॅन जोडत होतो. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं लिहिलं आणि एंटर मारला. मधला 'ॲड' हा शब्द राहिला. 'ॲड'शिवाय त्या ओळीचा अर्थ होतो 'फक्त ३०, बाकी सगळे बंद'. माझी स्क्रीन तिथेच गोठली, कारण मी ज्या व्हीलॅनवरून आत शिरलो होतो तोही त्यातच गेला. तिसरी पाळी चालू होती. मोटरसायकल काढून कारखान्यात पोचेपर्यंत पन्नास मिनिटं एक अख्खी लाइन सर्व्हरविना थांबली.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सहाएक तास बंद पडले, तेव्हा मला तीच रात्र आठवली. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी बीजीपीतून (इंटरनेटवर एकमेकांना मार्ग सांगायची पद्धत) आपले मार्ग काढून घेतले आणि दुरुस्तीला लागणारी त्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्याबरोबर गेली. आकार वेगळा, पण जात तीच: ज्या फांदीवर उभं राहून काम चाललंय, तीच तोडली गेली.

तेव्हापासून लांबच्या यंत्रावर बदल करताना मी आधी 'रीलोड इन १०' देतो. दहा मिनिटांत मी 'रीलोड कॅन्सल' म्हटलं नाही, तर यंत्र आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर येतं. त्यामुळे खात्री होईपर्यंत सेव्ह करायचं नाही, हे ओघानं आलंच. आणि कमांड टाकण्याआधी वहीत लिहून ठेवतो की आत्ता काय काय चालू आहे: कुठले पोर्ट वर आहेत, ट्रंकवर कुठले व्हीलॅन आहेत, किती मॅक ॲड्रेस दिसतात, काटा सर्व्हरला पोचतोय का. बदल झाल्यावर तीच यादी घेऊन एकेक ओळ परत तपासतो आणि मगच लॅपटॉप मिटतो.