नव्याने बांधलेल्या इंजिनाची डायनो चाचणी : इंदूरच्या हवेत

नव्याने बांधलेले इंजिन डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवताच पूर्ण थ्रॉटल देण्याचा मोह आवरावा. पिस्टन रिंगा सिलिंडरच्या भिंतींवर नीट बसेपर्यंत ते कमी-अधिक भाराखाली चालवावे, मग तेल बदलून जुना फिल्टर कापून पाहावा. त्यात धातूचे चमकणारे कण आढळले तर चाचणी तिथेच थांबवावी, कारण बेअरिंग झिजत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

तेलाचे तापमान ८० अंशांच्या वर स्थिरावल्यावरच मोजणी सुरू करावी. पहिल्या चाचणी-फेऱ्या ४,००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) ठेवून तेलाचा दाब, नॉक (इंधन अवेळी पेटून येणारा ठोका) आणि हवा-इंधन गुणोत्तर यांवर लक्ष ठेवावे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पूर्ण भाराला हे गुणोत्तर साधारण १२.५ ते १३ असावे. ते १४ च्या वर जाऊ लागले तर तत्काळ थ्रॉटल सोडावा. इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, एकेका अंशाने पुढे न्यावे (ठिणगी आधी पाडावी) आणि टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढेनासा झाला की, नॉक ऐकू आला नसला तरी, थांबावे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळजवळ ६ टक्के कमी असतो, आणि मे महिन्याच्या दुपारी हवा आणखी विरळ होते. म्हणून मुंबईत मोजलेल्या आकड्याशी तुलना करण्यापूर्वी एसएई जे१३४९ या प्रमाणाची दुरुस्ती (हवेच्या दाब-तापमानाचा फरक भरून काढणारा हिशेब) लावावी, पण मूळ आकडाही नोंदवून ठेवावा. उन्हाळ्यात मी पहाटेचीच वेळ घेतो. डायनो टॉर्क मोजतो. न्यूटन-मीटरला आरपीएमने गुणून ९,५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात.