सकाळी बसलेली गाडी: जुन्या एस-क्लासचं एअरमॅटिक शिकताना

पुढचा एक कोपरा रात्रीत बसतो. सकाळी इंजिन चालू केलं की मिनिटभर घरघर होते, गाडी उठते, आणि अधूनमधून मीटरवर वर्कशॉपला जायचा मेसेज झळकतो. डब्ल्यू-220, म्हणजे 1998 ते 2005 ची मर्सिडीज एस-क्लास, गॅरेजात आली की तक्रार बहुधा हीच असते. आणि बहुधा पहिला सल्लाही एकच मिळतो, 'कॉम्प्रेसर (हवा भरणारा पंप) गेला.' थांबा. पाकीट उघडू नका.

आधी बॉनेट उघडून बघा की गाडी एअरमॅटिक (हवेवर पेललेलं सस्पेन्शन) आहे की एबीसी. एबीसी तेलावर चालते, तिला पोलादी स्प्रिंग असतात. एस-600 असेल तर बहुतेक एबीसीच निघते, आणि तिला पुढचं काहीही लागू नाही. एअरमॅटिकमध्ये चार हवेचे स्ट्रट (प्रत्येक चाकाशी गाडी पेलणारे खांब), उंची मोजणारे तीन सेन्सर (पुढे दोन, मागे एक), आणि पुढे उजव्या बाजूला कॉम्प्रेसर व व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या स्ट्रटला हवा द्यायची ते उघड-बंद करणारा). मुख्य सामान एवढंच. घाबरण्यासारखं यात काही नाही.

घाबरायचं ते एका गोष्टीला. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, आणि टायर व फेंडरच्या मधे हात घालायचा नाही. हवा सुटली की गाडी सांगून बसत नाही. स्टँड लावा, मगच वाका.

आता कॉम्प्रेसरचं. स्कॅनरवर (गाडीतले दोष वाचणाऱ्या यंत्रावर) हवा भरायला जास्त वेळ लागल्याचा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच की हवा वेळेत पोचली नाही. का पोचली नाही, हे कोडला ठाऊक नाही. या कॉम्प्रेसरला तेल नसतं. पिस्टनला टेफ्लॉनची रिंग असते आणि थोडा वेळ चालून थांबायचं एवढीच त्याची ताकद. कुठेतरी बारीक गळती असली की तो रोज कितीतरी जास्त धावतो, तापतो, रिंग झिजते. म्हणजे मेलेला कॉम्प्रेसर बहुतेक वेळा गळतीचा बळी असतो. गळती तशीच ठेवून नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

मग गळती शोधायची कशी? नवशिके हमखास इथेच फसतात, म्हणून सावकाश वाचा. संध्याकाळी चारही कोपऱ्यांची उंची मोजली, सकाळी पुन्हा मोजली, जो बसला तोच स्ट्रट खराब. ऐकायला बरोबर वाटतं, पण चूक आहे. चावी काढल्यावरही कंट्रोल युनिट (सस्पेन्शन सांभाळणारा कॉम्प्युटर) काही वेळ जागं असतं. दार उघडलं तरी ते उठतं, उंची बघतं आणि गाडी सपाट करायला दुसऱ्या कोपऱ्याची हवाही सोडू शकतं. सकाळी दोन कोपरे खाली दिसतात आणि चांगला स्ट्रट भंगारात जातो.

म्हणून चाचणी अशी करायची. सपाट फरशी. इंजिन चालू करून गाडी नेहमीच्या उंचीवर येऊ द्या. चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा. मग इंजिन बंद करून कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा (कुठला ते त्याच गाडीच्या फ्यूज चार्टवर बघा, अंदाजाने ओढू नका). वीज नसली की व्हॉल्व्ह बंदच राहतात, आणि आता जो कोपरा बसेल तो खरोखर गळतोय. सकाळी मोजा, दार उघडण्याआधी, फ्यूज लावण्याआधी.

कोपरा सापडला तरी स्ट्रटवर लगेच शिक्का मारू नका. व्हॉल्व्ह ब्लॉकवर पुढच्या डाव्या-उजव्या नळ्यांची अदलाबदल करून तीच रात्र पुन्हा घ्या. आता दुसरा कोपरा बसला तर दोष ब्लॉकमध्ये. तोच बसला तर स्ट्रट किंवा त्याची नळी. नळी सोडताना हवा जोरात सुटते, म्हणून गाडी आधी स्टँडवर हवी. आणि चाचणी संपली की नळ्या जागेवर परत. हे विसरणारे कमी नाहीत.

साबणाचं पाणी मारताना दोन उंचींवर मारा, नेहमीच्या आणि बटण दाबून उचललेल्या. स्ट्रटमधल्या रबराच्या बेलोला (हवेच्या पिशवीला) चीर जाते ती घडीत. एका उंचीवर ती मिटलेली असते, बुडबुडा येत नाही, आणि 'गळती नाही' असं सर्टिफिकेट मिळून जातं.

गळतीवर रसायन भरणारे भेटतील. नको म्हणा, व्हॉल्व्ह ब्लॉक चिकटतो. हवेऐवजी स्टीलच्या स्प्रिंगचं किट हा मालकाच्या खिशाचा प्रश्न आहे, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका. शिकायचंच असेल तर चकचकीत स्कॅनरवाल्यापेक्षा शिवनेरीसारख्या बसच्या बेलोवर हात बसलेला माणूस गाठा, हवेची गळती त्याला कानाने कळते. फक्त त्याला सांगा की बसमध्ये इंजिन चालू असेपर्यंत हवा येतच राहते, इथे ती मोजून मिळते.

नवा स्ट्रट बसवल्यावर गाडी धाडकन खाली सोडली की रिकामा बेलो चिमटीत सापडून फाटतो. महागडा भाग पाच सेकंदांत जातो. चाक लोंबकळत असताना सेन्सरला कोपरा उंच दिसतो, त्यामुळे युनिट स्वतःहून हवा भरत नाही. टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकंच उतरवा, स्कॅनरने हवा भरा, मग वजन द्या.

कॉम्प्रेसर खरंच गेलेला असेल तर रिले (त्याला वीज जोडणारा स्विच) बदलल्याशिवाय नवा लावू नका. जुन्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि जळून जातो. रिले काढून त्याच्या सॉकेटमधल्या 30 आणि 87 या पिना फ्यूज लावलेल्या वायरने काही सेकंद जोडा. मोटर फिरत नसेल तर आधी 40 अँपिअरचा फ्यूज आणि वायरिंग. बॅटरी कमजोर असतानाचे कोड धरू नका.

नळीत पांढरी पूड दिसली तर ड्रायरमधले (हवेतला ओलावा शोषणारे) दाणे फुटलेत. आपल्या पावसाळी हवेत ड्रायरवर ताण येतो. ही पूड व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसून व्हॉल्व्ह नीट मिटू देत नाही, तेव्हा ब्लॉकही साफ करा किंवा बदला. शेवटी सेन्सरच्या दांड्यांचे प्लॅस्टिकचे सांधे हलवून बघा, स्कॅनरवर उंची कॅलिब्रेट करा, आणि मगच व्हील अलाइनमेंटला पाठवा. क्रम उलटा केलात तर अलाइनमेंट दोनदा करावी लागेल.