व्हिएतनामच्या खेड्यांत, कारागिरांचे फोटो काढताय? या चुका टाळा

मुंबईहून व्हिएतनामला थेट विमानं सुरू झाली आणि माझ्याकडे येणारे अल्बम एकदम वाढले. लाल उदबत्त्यांचे गुच्छ, शंकूच्या टोपीतली आजी, होई आन या जुन्या शहरातले कंदील. दहा जणांचे फोटो एकत्र केले तर कुणाचा कुठला, हे त्यांनाच सांगता येणार नाही. फोटोग्राफीचे गट घेऊन मी तिकडे जातो आणि दर वेळी त्याच चुका बघतो. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट असते: समोर काय काम चाललंय हे कळायच्या आत कॅमेरा डोळ्याला लागलेला असतो.

लाल रंगाचा चिखल

हनोईच्या दक्षिणेला क्वांग फू काउ नावाचं गाव आहे. इथे बांबू चिरून उदबत्तीच्या काड्या करतात, त्यांचं एक टोक लाल रंगात बुडवतात आणि जुड्या अंगणात फुलासारख्या उलगडून वाळत घालतात. प्रत्येकाला हा फोटो हवा असतो आणि बहुतेकांचा तो बिघडतो. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर बघावं तर काड्या गायब, नुसता लाल डाग.

कारण साधं आहे. कॅमेरा एकूण उजेड मोजतो आणि त्याला सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात लाल रंगाची पट्टी केव्हाच टोकाला जाऊन आपटलेली असते. साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखावर, ते दिसत नाही, लाल-हिरवा-निळा हे तिन्ही रंग वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावावा लागतो. मी तिथे सुरुवातच एक स्टॉप कमी ठेवून, म्हणजे निम्म्या उजेडावर करतो, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढतो आणि रंग भडक करणारे सगळे मोड बंद ठेवतो. 'नंतर एडिटिंगमध्ये बघू' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की फाइलमध्ये जे आलंच नाही, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. सकाळचं तिरपं ऊन घ्या. प्रत्येक काडीची बारीक सावली शेजारच्या काडीवर पडते आणि फोटोला खोली येते. डोक्यावरच्या उन्हात ती मिळत नाही.

याच गावात घडलेला एक प्रसंग मी प्रत्येक नव्या गटाला सांगतो. आमच्यातल्या एका तरुणाला फ्रेममध्ये अगदी गोल 'फूल' हवं होतं. काड्या वाळत घालणाऱ्या बाई आत गेल्या होत्या. कुणाला न विचारता त्याने दोन जुड्या उचलून हलवल्या. रंग ओला होता. जुडी सुटली, काड्या धुळीत पसरल्या आणि त्याचे तळहात लालभडक झाले. बाई बाहेर आल्या, काही बोलल्या नाहीत, खाली बसून एकेक काडी वेचून पुसायला लागल्या. आम्ही सगळे मदतीला बसलो तरी उन्हाचे चांगले दोन तास त्यात गेले. त्याने पैसे पुढे केले. पण दुपारी आभाळ भरून आलं आणि तो माल ओलाच आत न्यावा लागला. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, तोंडावर होतं. घरोघरी पूर्वजांपुढे उदबत्ती लागण्याचे ते दिवस, आणि वर्षाचा मोठा धंदाही त्याच आठवड्यांतला.

मांडामांड करायचीच असेल तर त्याच गावात पर्यटकांसाठी अंगणं सजवून ठेवणारी घरं आहेत. ठरलेले पैसे द्या आणि हवे तितके फोटो काढा, त्यात काही वाईट नाही. फक्त तो फोटो 'गावचं रोजचं जीवन' म्हणून खपवू नका. बांबू चिरणारी माणसं मागच्या गल्लीत बसलेली असतात. मी आधी तिथे जातो आणि बराच वेळ कॅमेरा पिशवीतच ठेवतो.

नुसते हात

हातांचा क्लोजअप. मागचं सगळं धूसर. बोटांना माती. हा फोटो जगात कुठल्याही कुंभाराचा असू शकतो.

दक्षिणेला बाउ त्रुक हे चाम या अल्पसंख्याक समाजाचं कुंभारांचं गाव आहे. तिथल्या कलेची युनेस्कोने 2022 मध्ये तातडीने जपायला हव्यात अशा वारशाच्या यादीत नोंद केली. तिथे चाक नसतंच. मडकं जागेवर स्थिर असतं आणि बाई वाकून, उलट्या पावलांनी त्याच्याभोवती फिरत त्याला आकार देते. म्हणजे तिथली कला बोटांइतकीच पावलांत आहे, आणि आपण नेमकी पावलंच कापून टाकतो! झूम काढून ठेवा, 24 किंवा 35 मिमीची लेन्स लावा, मागे सरका, तिचे पाय आणि जमिनीवरची तिची वाट फ्रेममध्ये घ्या. शटर सेकंदाच्या एक पंधरांशवर आणा: मडकं स्थिर येईल, बाई फिरताना दिसेल. पहिले बरेच फोटो हलतील. चार क्लिक करून पुढच्या ठिकाणी पळणाऱ्यांना हा फोटो मिळत नाही आणि मिळूही नये.

बाक निन्हजवळच्या डोंग हो गावातल्या लाकडी ठशांच्या चित्रांचं असंच होतं. त्या कागदावर शिंपल्यांच्या भुकटीचा थर असतो. समोरून फ्लॅश मारला की त्याची चमक मेलीच. चित्र खिडकीपाशी न्या आणि उजेड बाजूने येऊ द्या. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, काळी रेघ सगळ्यात शेवटी. ती उमटते तेव्हाच चित्र 'उघडतं'. तो क्षण पकडायचा तर आधीचे ठसे बघत थांबावं लागतं.

चुकीच्या दिवशी पोचणं

तेतच्या सुट्टीत कारागीर कामावर सापडतील ही आशा सोडा, सगळे आपापल्या घरी गेलेले असतात. त्याआधीचे तीन-चार आठवडे गाठा. 2027 चा तेत 6 फेब्रुवारीला आहे. सण चांद्र तिथीने चालतात आणि यात मराठी माणसाचं काम सोपं आहे. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे कालनिर्णय उघडला की एखाद्या दिवसाच्या फरकाने अंदाज येतो. बाक निन्हकडची लिमची जत्रा, जिथे क्वान हो ही लोकगीतं होतात, ती त्यांच्या पहिल्या चांद्र महिन्याच्या 13 तारखेला, म्हणजे साधारण आपल्या माघातल्या पौर्णिमेच्या अलीकडे. होई आनमध्ये विजेचे दिवे मालवून कंदील लावतात ती रात्र दर चांद्र महिन्याच्या 14 तारखेची. उत्तरेच्या डोंगरांतल्या मू कांग चायची सोनेरी भातखाचरं सप्टेंबरच्या उत्तरार्धात बघावीत. डिसेंबरात तिथे नुसती खुंटं उरतात.

आता बारीकसारीक. शंकूची टोपी घातली की दुपारी चेहरा काळा आणि टोपी पांढरीफटक होते, म्हणून सकाळी काढा आणि एक्स्पोजर चेहऱ्यावर घ्या. डोंगरांत राहणाऱ्या ह्मोंग जमातीच्या बायकांचे निळीत रंगवलेले गडद कपडे कॅमेऱ्याला फसवतात, एक स्टॉप कमी करा. एसी खोलीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढू नका, बंद पिशवीतच थोडा वेळ राहू द्या. ड्रोनला परवानगी लागते, ती हातात नसेल तर तो घरी ठेवा.

आणि उत्तरेकडच्या ‘हा जांग’ भागातल्या घाटात पाठीवर फुलांची टोपली घेऊन उभी असलेली लहान मुलं. फोटोसाठी त्यांना पैसे देऊ नका. त्या पैशांसाठी ती वळणावर दिवसभर उन्हाथंडीत उभी राहतात, शाळा बुडते, आणि पुढच्या गाडीतला माणूसही तोच फोटो काढतो. माझ्या गटात हा नियम आहे. तो मान्य नसेल त्याने माझ्याबरोबर येऊ नये.