एक डोमेन, तीन सर्व्हर: मेल गिळणाऱ्या या चुका टाळा

चाकणच्या एका कारखान्यात सेल्सवाले वैतागले होते. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म भरला की ‘धन्यवाद’ यायचं, पण इनबॉक्समध्ये काहीच नाही. त्याच पत्त्यावर जीमेलवरून मेल टाकला की लगेच हजर. सगळ्यांचा संशय स्पॅम फिल्टरवर होता. मी होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये (वेबसाइट आणि तिचे मेलबॉक्स सांभाळायच्या पानावर) शिरलो, तर सेल्सचा जुना मेलबॉक्स तिथे अजून जिवंत होता आणि तीन आठवड्यांच्या चौकशा त्यात न वाचलेल्या पडून होत्या.

कंपनीने मेल गूगल वर्कस्पेसवर (गूगलच्या कंपन्यांसाठीच्या मेल सेवेवर) नेला होता, डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारे एमएक्स रेकॉर्डही बदलले होते. पण मेल पाठवताना सर्व्हर आधी स्वतःलाच विचारतो, ‘हे डोमेन माझं आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं की एमएक्स बघायची वेळच येत नाही, मेल घरातल्या घरात टाकला जातो. एकाच डोमेनवर अनेक सिस्टिम असताना होणाऱ्या घोळांपैकी बरेचसे या एका ‘हो’मधून निघतात.

सीपॅनेलमध्ये ईमेल राउटिंगला जाऊन ‘रिमोट मेल एक्स्चेंजर’ निवडा. त्याआधी जुन्या मेलबॉक्समधले मेल उचलून घ्या, नाहीतर ते तिथेच विसरले जातील. पोस्टफिक्स (स्वतःच्या मशीनवर चालवायचा मेल सर्व्हर) असेल तर त्याच्या सेटिंग फाइलमधल्या ‘मायडेस्टिनेशन’ आणि ‘व्हर्च्युअल मेलबॉक्स डोमेन्स’ या दोन्ही ओळींतून डोमेन काढा. फाइल डोळ्यांनी वाचून समाधान मानू नका. ‘पोस्टकॉन्फ’ ही कमांड चालवा आणि सर्व्हर खरोखर काय धरून चालला आहे ते बघा.

निम्मे मेलबॉक्स इथे, निम्मे तिथे

इथे खरी कसोटी. ऑफिसची माणसं वर्कस्पेसवर आणि शॉप फ्लोअरची स्वतःच्या पोस्टफिक्सवर, असं असेल तर डोमेन दोघांचंही आहे. मग सोपा वाटणारा उपाय केला जातो: ‘माझ्याकडे नाव सापडलं नाही तर दुसऱ्याकडे ढकल.’ हेच दोन्ही बाजूंनी लावलं की टायपिंगमध्ये चुकलेला एक पत्ता दोन सर्व्हरमध्ये चेंडूसारखा फिरत राहतो. पोस्टफिक्समध्ये मूळ मर्यादा ५० टप्प्यांची आहे, ती ओलांडली की ‘टू मेनी हॉप्स’ म्हणून मेल परत येतो.

अनोळखी पत्ता एकाच दिशेने पुढे जाऊ द्या. शेवटच्या सर्व्हरकडे पूर्ण यादी हवी आणि यादीत नसलेल्याला त्याने दारातच नाही म्हणायला हवं. आधी मेल घ्यायचा आणि मग बाऊन्स (मेल पोचला नाही असा परतीचा निरोप) पाठवायचा, हे टाळाच. स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा असतो, त्यामुळे ते बाऊन्स भलत्याच माणसांवर जाऊन आदळतात आणि तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जातो.

पोस्टफिक्स शेवटचा असेल तर वर्कस्पेसवरच्या माणसांचे पत्ते ट्रान्सपोर्ट मॅपमध्ये (कोणता पत्ता कोणत्या सर्व्हरकडे पाठवायचा त्या यादीत) एकेक करून लिहा, आणि ते मान्य पत्त्यांच्या यादीतही असू द्या. पुढच्या सर्व्हरचं नाव चौकटी कंसात घाला. कंस विसरला तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स शोधायला निघतो. मी स्वतः यात एक दुपार घालवली आहे. नवा माणूस रुजू झाला की यादी कोण बदलणार, त्याचं नावही आत्ताच ठरवा.

एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) वापरत असाल तर तिथे डोमेन ‘ऑथॉरिटेटिव्ह’ आहे की ‘इंटर्नल रिले’, ते पाहा. पहिल्या प्रकारात अनोळखी पत्ता तो पुढे पाठवतच नाही.

बाहेर जाणारा मेल

पगाराच्या स्लिपा एका सेवेतून, बिलं कंपनीच्या ईआरपी सॉफ्टवेअरमधून, जाहिराती तिसरीकडून. प्रत्येक जण ‘आमचा एसपीएफ रेकॉर्ड टाका’ म्हणतो (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, त्याची ती यादी) आणि डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीत, दोन-तीन रेकॉर्ड जमतात. एका डोमेनला एसपीएफ एकच असतो. दोन दिसले की तपासणी थेट ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देते, म्हणजे आधी नीट चाललेलंही बिघडतं. सगळे एका ओळीत आणा. ‘इन्क्लूड’सारख्या (दुसऱ्याची यादी जोडणाऱ्या) डीएनएस शोधांची मर्यादा १० आहे आणि एका इन्क्लूडच्या पोटातले शोधही त्यात धरले जातात.

डीकिमचं, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीचं, उलट आहे. तिथे प्रत्येक सिस्टिमला स्वतंत्र सिलेक्टर (सहीच्या किल्लीचं नाव) द्या, एकाची किल्ली दुसऱ्यावर लिहू नका. डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, ते सांगणारी नोंद) आधी ‘नन’वर, म्हणजे ‘काहीच करू नका’वर, ठेवून अहवाल वाचा. तुमच्या नावाने कोण कोण मेल पाठवतं, हे तिथेच कळतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क हे तिन्ही लागतात. जाहिरातींसाठी सबडोमेन वेगळं काढा, पण या मोजणीत सबडोमेनही मूळ डोमेनच्याच खात्यात धरलं जातं, हे लक्षात ठेवा.

बदल करायच्या दिवशी

टीटीएल (डीएनएसची नोंद इतर सर्व्हरनी किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत) आदल्या दिवशीच ३०० सेकंदांवर आणा. पोस्टफिक्समध्ये ‘सॉफ्ट बाऊन्स’ चालू करा, म्हणजे काही चुकलं तरी मेल कायमचा नाकारला न जाता पाठवणारा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करेल. मग प्रत्येक सिस्टिममधून प्रत्येक सिस्टिमला एकेक मेल टाका. वेबसाइटचा फॉर्म आणि स्कॅनर नेमके राहून जातात. सगळं जमलं की सॉफ्ट बाऊन्स बंद करा आणि बाहेरून एका नसलेल्या पत्त्यावर मेल पाठवून ‘५५० ५.१.१’ (असा पत्ता नाही) लगेच येतं का ते बघा. सॉफ्ट बाऊन्स तसाच राहिला तर चुकीच्या पत्त्यावरचा मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत अनेक दिवस अडकेल, आणि तो बिचारा उत्तराची वाट बघत बसेल.