बाळाला घ्यायच्या आधी हात धुवायला सांगायचं कसं, तेही घरात भांडण न होता

घरात बाळ आलं की पहिल्या आठवड्यातच हात धुण्यावरनं वाजतं. सून म्हणते हात धुऊन घ्या, सासूबाई म्हणतात आम्ही काय पोरं वाढवली नाहीत काय, नवरा मधल्यामधे गप्प, आणि बाळ बघायला आलेल्या आत्या दारातच तोंड पाडून उभ्या. त्यात आपल्या कोल्हापुरात बाळ बघायला येणारी माणसं कुठनं कुठनं येतात, कुणी जोतिबाहून गुलालाच्या हातानं, कुणी म्हशीची धार काढून थेट, कुणी गाडी लावता लावता तंबाखू मळत. हात धुवायला हवेत हे सगळ्यांनाच माहीत असतंय, अडतं ते सांगायचं कुणी आणि कसं इथं.

१. कुठं अडून बसायचं ते आधी ठरवा

दिवसभर प्रत्येकाच्या मागं "हात धुतला का, हात धुतला का" करत राहिलं की चार दिवसांत कुणी ऐकत नाही. म्हणून मोजक्या वेळा पक्क्या करा आणि त्यात कुणालाच सूट नको, बाळाच्या आईलाही नाही. बाहेरनं आल्यावर बाळाला घ्यायच्या आधी. दूध पाजायच्या, वाटी-चमच्यानं भरवायच्या आधी. शी काढल्यावर. नाक शिंकरल्यावर, खोकल्यावर. आणि नाळ पडेपर्यंत तिथं हात लावायच्या आधी, नाळ साधारण एक-दोन आठवड्यांत पडते, तोवर ती कोरडी ठेवायची, तेल-हळद-राख काही लावायचं नाही. बाकी पाळण्याला कुणाचा हात लागला, दुपट्यावर कुणी बसलं, यावर शब्द वाया घालवू नका. हात सारखे धुऊन भेगा पडत असतील तर रात्री खोबरेल लावा, फुटलेल्या कातडीत जंतू जास्त टिकतात.

२. शीचा वाद आधी मिटवा

सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे. "दूधच तर पितंय, त्याची शी कसली घाण" असं म्हणून लंगोट बदलायचा, हात पदराला पुसायचा आणि तसंच भाकरीच्या पिठात हात घालायचा. बाळाच्या शीतनंही रोग पसरतात. रोटाव्हायरसचे जुलाब असेच हातावरनं तोंडात जातात, आणि त्याची लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळते, म्हणजे पहिला दीड महिना त्या लसीचं काहीच संरक्षण नसतं. हे सासूबाईंना रागात सांगू नका. लसीचं कार्ड घेऊन शेजारी बसा, त्यातल्या तारखा दाखवा, "आई, ही लस व्हायची आहे अजून, तोवर आपण दोघी सांभाळू" म्हणा. कार्डावर डॉक्टरांचा शिक्का असतो, सुनेच्या शब्दापेक्षा तो लवकर पटतो, वाईट वाटून घेऊ नका.

३. बेसिन वाटेत आणा

माझ्या मते निम्मं भांडण जागेमुळं होतं. साबण मागच्या मोरीत, बाळ पुढच्या खोलीत, मग पाहुण्याला घर ओलांडून मोरीत पाठवावं लागतं आणि त्यालाच अपमान वाटतो. बेसिन दाराजवळ असेल तर तिथं साबण आणि स्वच्छ नॅपकिन ठेवा, नसेल तर दारात बादली, तांब्या आणि साबण. आपल्याकडं बाहेरनं आल्यावर पाय धुवायची पद्धत आहेच, हात त्यातच जोडून टाकायचे. २०१९ च्या महापुरात शहराचं पाणी बंद झालं होतं तेव्हा तांब्याभर पाणी किती पुरवायचं हे सगळ्यांनी बघितलंय, आधी हात ओले करायचे, मग तांब्या खाली ठेवून साबण चोळायचा, शेवटी कुणाला तरी धार धरायला सांगायची. बादलीत हात बुचकळायचे नाहीत.

साबण साधाच पुरतो. अमेरिकेत २०१६ साली ट्रायक्लोसानसकट १९ जंतुनाशक घटक घरगुती साबणातनं काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त चांगले आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. त्यामुळं महागड्या बाटलीवरनं घरात वाद नको. सॅनिटायझर प्रवासात चालतो, किमान ६० टक्के अल्कोहोलचा हवा, पण शेणाचा, गुलालाचा, तेलाचा हात असेल तर त्याचा उपयोग नाही.

४. धुवायचं कसं

साबण लावून किमान २० सेकंद चोळा. तळवे सगळेच धुतात, राहतात ते अंगठे, बोटांची टोकं, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या. बांगड्या कोपराकडं सरकवा, अंगठी फिरवून तिच्याखाली साबण जाऊ द्या. आणि हात वाळवा, ओल्या हातावरनं जंतू जास्त पसरतात, पण पदराला, गाऊनला पुसायचे नाहीत, त्याच पदरानं मगाशी शेंबूड पुसलेला असतो. हात धुतल्यावर लगेच मोबाईल घेतला तर परत धुवा.

कांदा-लसूण चटणीचे दिवस असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिरचीची आग तेलात विरघळते, नुसत्या पाण्यात नाही, म्हणून आधी हाताला तेल चोळायचं, पुसायचं आणि मग साबणानं दोनदा धुवायचं. त्या हातानं बाळाच्या डोळ्याला काही लागलं तर रात्रभर रडतंय बिचारं. चटणी ज्या दिवशी करायची त्या दिवशी बाळाचं दुसऱ्या कुणीतरी बघावं हे जास्त बरं.

तंबाखू आणि मशेरीचंही तसंच. आजी मशेरी लावतात ते बोट आणि मामा चुना-तंबाखू मळतात तो तळवा, दोन्ही बाळाच्या गालाला लागतात आणि तिथनं तोंडात. त्यांची सवय मोडायचा विषय आत्ता काढू नका, तो वेगळा आहे. फक्त "लावून झालं की साबणानं धुऊन या, मग मांडीवर देते" एवढंच धरा.

५. कुणी सांगायचं

ज्याचं माणूस त्यानं सांगायचं. सासूबाईंना मुलानं, माहेरच्यांना मुलीनं. सुनेनं सांगितलं तर ते टोमणा होतं, मुलानं सांगितलं तर काळजी होते, हे बरोबर नाही पण घरात असंच चालतंय आणि बाळ लहान असताना ते बदलत बसायला वेळ नसतो. नवऱ्यानं गप्प बसायचं नाही, ते त्याचंही बाळ आहे.

बोलताना माणसाला घाण म्हणतोय असं वाटू देऊ नका. "तुमचे हात स्वच्छ नाहीत" नको, "या की मामी, बेसिन इकडं आहे, हात धुऊन घ्या मग निवांत घ्या बाळाला" असं म्हणा, म्हणजे हात धुणं हे बाळ मिळायचं निमित्त होतं. आणि पाहुण्यांसमोर आधी घरच्यानं हात धुवावा, बाकीचे आपोआप मागनं येतात.

मुठीत नोट द्यायची पद्धत आहे, ती मोडायची गरज नाही. ताट पुढं करा, "यात ठेवा मावशी, हातात दिली की तोंडात घालतंय ते" एवढं बोललं की कुणी रागवत नाही. अंगारा लावायचा तर धुतलेल्या बोटानं कपाळाला टिकली एवढाच, डोळ्यापासनं लांब. ओठावर फोड आलेल्यानं मुका घ्यायचा नाही, नवजात बाळाला त्यातनं होणारा संसर्ग जिवावर बेततो, इथं मात्र कुणी रुसलं तरी चालेल.

मालिशवाल्या मावशी तीन-चार घरं करतात, त्यांनी कोपरापर्यंत हात धुवावेत, पण तो नियम घरातल्या सगळ्यांना असेल तरच त्यांना सांगायला तोंड आहे. आणि त्यांना चहाचा कप वेगळा ठेवणं हे स्वच्छतेत बसत नाही. शाहू महाराजांनी त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात चहा घेतला ते हेच कोल्हापूर. जंतू हात बघतो, आडनाव बघत नाही.

६. "आमच्या वेळी कुठं होतं हे" याला उत्तर

रागावलेली माणसं नवीन नाहीत. १८४७ साली व्हिएन्नाच्या दवाखान्यात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं बघितलं की शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणीकडं जातात आणि त्या वॉर्डात शंभरातल्या दहाएक बायका तापानं मरतात. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, मरणं शंभरात एक-दोनावर आली. तरी मोठेमोठे डॉक्टर चिडले, आमचे हात घाण म्हणतोस काय म्हणून. शिकलेल्या माणसांचं हे झालं तर आपल्या आत्यांना थोडा वेळ द्यायला हरकत नाही.

"मातीनं इम्युनिटी वाढते" म्हणतील. रांगायला लागल्यावर मातीत खेळू दे की, अंगणात सोडा. दवाखान्यातल्या जंतूला आणि शीच्या हाताला माती म्हणत नाहीत.

७. अंथरुणाला खिळलेल्यांचं

आजोबांचा डायपर, कॅथेटरची म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी, केमो चालू असलेली मावशी, नियम तेच. फक्त दोन गोष्टी जास्त. ग्लोव्हज घातले म्हणून हात धुणं सुटत नाही, काढल्यावर धुवायचेच. आणि जेवायच्या आधी रुग्णाचेही हात धुऊन द्यायचे, हे जवळजवळ सगळ्या घरात राहून जातं. घरात उलट्या-जुलाब चालू असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नका, नोरोव्हायरससारख्या जंतूंवर तो नीट चालत नाही, साबण-पाणीच.

८. एवढं करूनही बाळ आजारी पडलं तर

"तुमच्या त्या बहिणीनंच उचललं होतं" हे त्या दिवशी अजिबात काढू नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, किंवा अंग गार पडलं, दूध ओढत नाही, सुस्त पडलंय, श्वास जोरात चाललाय, तर घरगुती काढे-गुटी न करता तडक बालरोगतज्ज्ञांकडं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.